पाणी गळ्याशी आल्यावर

माझ्या मावशीच्या गळ्यावर वीस वर्षं एक गाठ होती. लिंबाएवढी, न दुखणारी. फोटो काढताना पदर जरा वर ओढून घ्यायचा, एवढाच तिचा त्रास. एका श्रावणात ती गाठ वाढायला लागली आणि गौरी येईपर्यंत डब्यातून काढलेली ठुशी गळ्यात बसेना. आवाज घोगरा झाला, पाणी पिताना ठसका लागू लागला. सुईच्या तपासणीत थायरॉइडचा कॅन्सर निघाला, तेव्हा भेटायला आलेल्या मंडळींनी एकमुखाने धीर दिला, "थायरॉइडचा ना? मग काही काळजी नको. तो चांगला कॅन्सर असतो." आठ दिवसांनी तुकड्याचा रिपोर्ट आला. त्यात ‘अ‍ॅनाप्लास्टिक’ असा शब्द होता. कुणीतरी तो मोबाइलवर शोधला. मग तीच मंडळी, त्याच सोफ्यावर बसून म्हणाली, "मग आता उपयोग काय?"

डॉक्टरांनी केमो आणि रेडिएशन एकत्र द्यायचं सुचवलं होतं. सोफ्यावरच्या न्यायपीठाने ते पेशंटला न विचारताच फेटाळलं. गंमत बघा, आठ दिवसांच्या अंतराने दिलेल्या या दोन निकालांचा आदेश एकच होता: काही करू नका. आधी करायची गरज नव्हती म्हणून, नंतर करून फायदा नव्हता म्हणून. मधल्या आठ दिवसांत काही करण्याजोगा एखादा तास होता का, हे विचारायचं मात्र कुणाला सुचलं नाही.

तेव्हापासून हे ‘उपयोग काय’ मला जिथे तिथे ऐकू येतं. लग्नाच्या पंगतीत, लोकलच्या डब्यात, फॅमिली ग्रुपवर, आणि सांगायला खेद वाटतो, अधूनमधून दवाखान्यातही. हा मुळात प्रश्नच नसतो. प्रश्न असता तर विचारणारा उत्तरासाठी थांबला असता. हा उठून जाण्याआधी चप्पल शोधताना उच्चारायचा मंत्र आहे.

या मंडळींचं म्हणणं मी त्यांच्यापेक्षा नीट मांडतो, म्हणजे मागाहून तक्रार नको. हा कॅन्सर असाध्य आहे, तो काही महिन्यांत माणूस नेतो. केमो हे एक विष, रेडिएशन हे दुसरं. दोन्ही एकदम म्हणजे दुप्पट विष. पेशंट साठी-सत्तरीचा, त्याला ते झेपणार नाही. डॉक्टर ज्या अभ्यासांच्या जोरावर बोलतात ते मूठभर पेशंटांवर झालेले. शिवाय आता नव्या गोळ्या आल्यात, मग हा जुना भडिमार हवा कशाला? आणि एवढा खर्च, एवढे हेलपाटे करून मिळवायचं काय, तर चार महिन्यांचे आठ महिने? त्यापेक्षा माणसाला घरी शांतपणे जाऊ द्यावं. ऐकायला किती शहाणं, किती दयाळू! शेवटचं वाक्य तर असं बेतलेलं की विरोध करणारा आपोआप निर्दय ठरावा. म्हणून ते शेवटीच घेतो.

आधी तो ‘चांगला कॅन्सर’. थायरॉइडचे बहुतेक कॅन्सर, विशेषतः पॅपिलरी आणि फॉलिक्युलर, उपचारांना उत्तम दाद देतात, हे खरं. त्यात आयोडीनचा मोठा वाटा आहे. थायरॉइडची पेशी रक्तातलं आयोडीन ओढून घेते. किरणोत्सारी आयोडीन दिलं की ती आपल्या हाताने आपलं मरण घरात नेते. पूतनेची गोष्ट उलटी झाल्यासारखं. १९४६ साली न्यूयॉर्कच्या सॅम्युअल सीडलिन आणि सहकाऱ्यांनी पसरलेल्या थायरॉइड कॅन्सरवर हा प्रयोग जगापुढे मांडला. आपल्याकडे भाभा अणुसंशोधन केंद्राचं परळचं रेडिएशन मेडिसिन सेंटर १९६३ मध्ये सुरू झालं, आणि ‘आयोडीनचा डोस’ हा शब्द मराठी घरांतही रुळला.

अ‍ॅनाप्लास्टिक पेशीला मात्र आपलं कूळ-मूळ आठवत नाही. ती थायरॉइडमध्ये जन्मते, पण थायरॉइडचा एकही संस्कार तिच्यात उरत नाही. तिला आयोडीन नको असतं, तिला फक्त वाढायचं असतं. थायरॉइडच्या शंभर कॅन्सरांत असे एक-दोनच. पण थायरॉइड कॅन्सरने होणाऱ्या मृत्यूंत त्यांचा वाटा कितीतरी पटींनी मोठा. बहुधा साठीनंतर, पुष्कळदा जुन्या, ‘काही करत नाही’ म्हणून सोडून दिलेल्या गाठीतूनच हे उगवतं. बहुतेक साप बिनविषारी असतात म्हणून अंगणात वेटोळं घालून बसलेल्या घोणसाला कुणी हाताने उचलतं का? ‘थायरॉइडचा म्हणजे चांगला’ म्हणणारा नेमकं तेच करतो. फरक एवढाच की हात दुसऱ्याचा असतो.

या धीर देण्याची किंमत दिवसांत मोजावी लागते. इथे गाठ काही दिवसांत दुप्पट होऊ शकते. ‘सुई लावली की गाठ चवताळते’ म्हणत घालवलेला एक आठवडा, ‘अमुक गावचा वैद्य चूर्ण देतो’ यात गेलेला दुसरा, ‘सणवार होऊ द्या’ यात तिसरा. गाठ सुईमुळे चवताळली नव्हती. ती चवताळली होती म्हणून सुई लावावी लागली. आणि मग हेच लोक मान हलवून सांगतात, "फार उशीर झाला होता हो." झाला होता की केला होता?

आता दुसरं बाड: ‘चौथी स्टेज आहे, संपलं.’ या कॅन्सरचं वर्गीकरण जरा नीट वाचावं. अ‍ॅनाप्लास्टिक असला की तो सरसकट चौथ्या स्टेजमध्येच धरला जातो. गाठ अजून ग्रंथीच्या आतच असली तरी चौथी-अ. ग्रंथीबाहेर किंवा मानेतल्या गाठींपर्यंत गेली तर चौथी-ब. फुप्फुस, हाडं, मेंदू अशा दूरच्या जागी पोचली तर चौथी-क. म्हणजे इतर कॅन्सरांत ‘चौथी’ म्हटलं की तो सर्वत्र पसरलाय असं आपण समजतो, तसं इथे नाही. इथे चौथा आकडा त्याच्या वेगाला आणि स्वभावाला दिलेला आहे. चौथी-अ आणि चौथी-क यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. ऑपरेशन करून गाठ काढता येणारा पेशंट आणि फुप्फुसं भरलेला पेशंट, दोघांनाही एकाच आकड्याने घरी पाठवणं याला मी वास्तववाद म्हणणार नाही. त्याला रिपोर्टचं पहिलं पान वाचून दुसरं न उलटणं म्हणतात.

मग ‘दुप्पट विष’. हा आक्षेप लोकांना फार आवडतो, कारण त्यात बेरीज आहे आणि बेरीज सगळ्यांना येते. पण मग बेरीज पुरी करू या. या उपचारात सगळ्यात जुनं आणि ओळखीचं औषध म्हणजे डॉक्सोरुबिसिन. इटलीतल्या मातीतल्या एका जिवाणूपासून त्याचा शोध लागला आणि एड्रियाटिक समुद्रावरून त्याचं अ‍ॅड्रियामायसिन हे नाव पडलं. बाटलीत ते लालभडक दिसतं, म्हणून पेशंट त्याला लाल औषध म्हणतात आणि नातेवाईक त्याच्याकडे कुंकवाचं पाणी बघावं तसं घाबरून बघतात. एरवी केमो म्हणून ते देतात तेव्हा दर तीन आठवड्यांनी शरीराच्या दर चौरस मीटरमागे ६० ते ७५ मिलिग्रॅम. न्यूयॉर्कच्या स्लोन केटरिंग कॅन्सर रुग्णालयातल्या किम आणि लीपर यांनी १९८० च्या दशकात रेडिएशनच्या जोडीने जी पद्धत वापरली, तिच्यात आठवड्याला दर चौरस मीटरमागे १० मिलिग्रॅम. तीन आठवड्यांचे झाले ३०. दुप्पट कुठे आहे? फार तर निम्मं भरतं. आणि सुमारे सहा आठवड्यांच्या पूर्ण उपचारात मिळून जेमतेम ६०, म्हणजे नेहमीच्या केमोचा एक डोस. हृदयाला जपण्यासाठी या औषधाची आयुष्यभराची जी मर्यादा धरतात, ४५० ते ५५०, तिच्या आसपासही हे जात नाही. पुढे काही ठिकाणी मात्रा वाढल्या, दुसरी औषधं आली. पण दर आठवड्याला थोडं औषध ही रीत आजही अनेक ठिकाणी चालते.

इतकं थोडं का पुरतं? कारण इथे औषधाचं काम वेगळं आहे. रेडिएशन कॅन्सरच्या पेशीतले डीएनएचे धागे तोडतं. पेशी गप्प बसत नाही. ती दुरुस्ती करते. दिवसा पहारीने भिंत पाडावी आणि रात्रीतून गवंड्याने ती पुन्हा उभी करावी, तसा हा खेळ. डॉक्सोरुबिसिन त्या गवंड्याचा हात धरतं. म्हणून ते रेडिएशनच्या दीड तास आधी द्यायचे. आणि गवंडी फार चपळ आहे म्हणून रेडिएशनचे शेकही दिवसातून दोनदा, आठवड्यातले तीन दिवस, दर वेळी १.६ ग्रे (रेडिएशन मोजायचं एकक), चाळीस दिवसांत एकूण ५७.६ ग्रे. ही जोडी म्हणजे दोन विषांची बेरीज नसून एकाच घावाची दोन अंगं आहेत. ‘एकेक करून द्या ना, हळूहळू’ असं सुचवणाऱ्यांना हे कळत नाही की हळूहळू हा शब्द या आजाराच्या शब्दकोशात नाही.

त्रास होत नाही असं मी म्हणत नाही. मानेची कातडी उन्हात करपल्यासारखी होते. घसा आणि अन्ननलिका सोलून निघतात. गिळता येत नाही म्हणून नाकातून किंवा पोटातून नळी घालावी लागते. रक्तातल्या पांढऱ्या पेशी खाली येतात. चेहऱ्यावर प्लास्टिकचा जाळीदार साचा बसवून मान टेबलाला जखडतात, तेव्हा धडधाकट माणसाचाही जीव घाबरतो. काही उपचार तर किम-लीपरपेक्षा कितीतरी जहाल. फ्रान्समध्ये डॉक्सोरुबिसिन आणि सिसप्लॅटिनचे मोठे डोस देऊन मधे रेडिएशन द्यायची पद्धत २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. तीत तीस पेशंटांपैकी तीन वर्षांनी २७ टक्के हयात होते, पण रक्तावरचे परिणाम जबर होते. हे सगळं पेशंटला स्पष्ट सांगायलाच हवं. पण उपचाराचा त्रास सांगताना आजाराचा त्रास गाळून टाकायचा, ही कुठली तराजू? एका पारड्यात करपलेली मान ठेवली, तर दुसऱ्यात काय ठेवलं तेही दाखवा.

आता पुराव्याचा मुद्दा. हा मांडणारे जरा शिकलेले असतात आणि चष्मा पुसत बोलतात. "अभ्यास छोटे आहेत, पेशंट निवडून घेतलेले आहेत." बरोबर आहे. किम आणि लीपर यांच्या १९८७ च्या लेखात अ‍ॅनाप्लास्टिकचे पेशंट होते १९. स्वीडनचा २००२ चा अनुभव ५५ जणांचा. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१७ मध्ये जो हिशेब मांडला, त्यात सगळ्या हत्यारांनिशी उपचार घेतलेल्यांचं मध्यक आयुष्य २१ महिने आणि फक्त त्रास कमी करण्याचे उपचार घेतलेल्यांचं चारच्या आत. पण जे धडधाकट होते त्यांनाच पूर्ण उपचार मिळाले असणार, त्यामुळे सगळं श्रेय उपचाराला देता येत नाही. इतपत मान्य.

पण ‘पेशंट निवडून घेतलेले’ म्हणून एक गोष्ट उलगडत नाही. त्या १९ जणांपैकी ८४ टक्क्यांच्या गळ्यातली गाठ उपचारांना दाद देऊन आटली, आणि दोन वर्षांच्या हिशेबात ६८ टक्क्यांच्या बाबतीत गळ्यातला आजार काबूत राहिला. माणूस निवडता येतो, गाठ निवडता येत नाही. अ‍ॅनाप्लास्टिकची गाठ पेशंट सुदृढ आहे म्हणून, घरचे प्रेमळ आहेत म्हणून, नवस बोलला म्हणून आपली आपण लहान होत नसते. ती लहान झाली तर कशाने तरी झाली. स्वीडनच्या ५५ जणांत गळ्यातल्या गाठीने मृत्यू आलेले २४ टक्केच होते. आणि हो, दोन वर्षांपेक्षा जास्त जगलेले ९ टक्केच, म्हणजे पाच माणसं. हा आकडा मी लपवत नाही. उलट तोच नीट बघा असं म्हणतो. बहुतेक जण गेलेच, पण बहुतेक जण गळ्याने गेले नाहीत.

आणि या क्षेत्रातले डॉक्टर हातात येईल ते पेशंटवर फेकतात, असं ज्यांना वाटतं त्यांच्यासाठी आणखी एक दाखला. पॅक्लिटॅक्सेल हे औषध आणि रेडिएशन यांच्या जोडीला पॅझोपॅनिबची गोळी दिल्याने फायदा होतो का, हे पाहायला अमेरिकेत ७१ पेशंटांवर रीतसर चिठ्ठ्या टाकून तुलना झाली. २०२३ मध्ये निकाल छापून आला: फायदा नाही. दोन्ही गटांत एका वर्षाने साधारण तिसरा हिस्सा हयात होता. ‘नाही’ हे उत्तर त्यांनी जगापुढे ठेवलं. सोफ्यावरच्या न्यायपीठाने आजवर आपला एखादा निकाल चुकल्याचं कधी जाहीर केलंय?

राहिल्या नव्या गोळ्या. त्यांचं मला कौतुकच आहे. बीआरएएफ नावाच्या जनुकात ठरावीक बदल असेल तर डॅब्राफेनिब आणि ट्रॅमेटिनिब या गोळ्यांची जोडी गाठीला झपाट्याने खाली आणते. अमेरिकेत मे २०१८ मध्ये त्यांना या कॅन्सरसाठी मान्यता मिळाली. टेक्सासच्या एमडी अँडरसन कॅन्सर रुग्णालयातल्या नोंदी सांगतात की २००० ते २०१३ मध्ये एक वर्ष जगणारे ३५ टक्के होते, ते २०१७ ते २०१९ मध्ये ५९ टक्के झाले. पण तो बदल सगळ्या पेशंटांत नसतो, अर्ध्याअधिकांत नसतोच. त्यांना काय सांगायचं? तुमच्या जनुकाचं दार चुकलं, आता घरी जा? शिवाय ज्यांना गोळ्या लागू पडतात त्यांच्यातही त्यांचा जोर पुष्कळदा काही काळाने ओसरतो. आणि मुळात गोळ्यांचं हे यशच ‘उपयोग काय’वाल्यांना खोटं पाडतं. या आजारात काहीच होत नाही असं मानून सगळे हात बांधून बसले असते, तर या गोळ्या तपासायला कुणी पेशंट आणले असते का? एमडी अँडरसनच्या डॉक्टरांनी आधी वेग वाढवला: रिपोर्ट दिवसांत, जनुकाची तपासणी लगोलग, सर्जन, रेडिएशनवाले आणि केमोवाले एका टेबलाशी. एकत्र हा शब्द मशीनला नंतर लागू होतो, माणसांना आधी.

आता ‘वय झालंय’. ऑक्टोबर २००४ मध्ये अमेरिकेचे सरन्यायाधीश विल्यम रेनक्विस्ट यांना थायरॉइडचा कॅन्सर झाल्याचं न्यायालयाने जाहीर केलं. नुकतेच ते ८० वर्षांचे झाले होते. श्वासासाठी गळ्यात नळी बसवावी लागली होती. कॅन्सरचा प्रकार तेव्हा सांगितला गेला नाही, पण केमो आणि रेडिएशन दोन्ही चालू असल्याचं कळल्यावर बाहेरच्या जाणकारांनी अ‍ॅनाप्लास्टिकचा अंदाज बांधला, आणि वर्तमानपत्रांतून त्यांच्या खुर्चीचे उत्तराधिकारी मोजायला सुरुवात झाली. म्हणजे सोफा तिकडेही असतो. २० जानेवारी २००५ च्या कडाक्याच्या थंडीत हे गृहस्थ काठी टेकत आले आणि त्यांनी राष्ट्राध्यक्ष बुश यांना पदाची शपथ दिली. मार्चमध्ये ते पुन्हा न्यायासनावर बसले. ३ सप्टेंबरला ते गेले, पदावर असतानाच. जेमतेम साडेदहा महिने. त्यांना जगातली उत्तम वैद्यकीय सेवा हाताशी होती, हे मान्य. पण वय? वय तर त्यांचंही झालं होतं. ऐंशीव्या वर्षी त्यांना विचारलं गेलं आणि त्यांनी ठरवलं. आपल्याकडे अडुसष्टाव्या वर्षी बाईला विचारतच नाहीत.

खर्चाचा मुद्दा खोटा नाही, पण तो अर्धवट सांगितला जातो. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत केमो आणि रेडिएशन दोन्ही बसतात. खरी अडचण असते रोजच्या ये-जाची. नंदुरबारचा पेशंट दिवसातून दोनदा शेक घ्यायला परळला राहणार कुठे? दादरच्या गाडगेबाबांच्या धर्मशाळेत अशी कुटुंबं स्टोव्ह पेटवून महिने काढतात. आता बऱ्याच ठिकाणी नव्या मशीनवर दिवसातून एकदाच, आठवड्यातले पाच दिवस, सहा-सात आठवडे अशी पद्धत असते. ज्याला तेही झेपणार नाही, त्याच्यासाठी चार-पाच शेकांचा छोटा कोर्स असतो, फक्त श्वासनलिकेवरचा दाब कमी करण्यासाठी. ‘सगळं’ आणि ‘काहीच नाही’ यांच्यामध्ये एवढ्या पायऱ्या आहेत. त्या न दाखवता थेट तळाला ढकलणारा माणूस काटकसरी नव्हे, आळशी आहे.

आणि आता ते शेवटचं, दयाळू वाक्य. ‘शांतपणे जाऊ द्या.’

शांतपणे? हा कॅन्सर कुठे बसलाय ते एकदा आपल्या गळ्याला हात लावून बघा. चार बोटांच्या जागेत श्वासनलिका, अन्ननलिका, आवाजाच्या नसा, मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या. तिथे दगडासारखी गाठ दिवसागणिक वाढते. आधी आवाज जातो, मग घास जातो, मग आडवं झोपणं जातं. रात्र बसून काढायची, उशांना टेकून, प्रत्येक श्वासाला शिट्टी वाजतेय अशी. या आजाराने जाणाऱ्या कितीतरी जणांचा शेवट पूर्वी गुदमरून व्हायचा. याला शांत मरण म्हणणाऱ्याने ते पाहिलेलं नसतं. तो संध्याकाळी भेटून सातच्या गाडीने घरी गेलेला असतो.

केमो-रेडिएशनच्या जोडीचा सगळ्यात मोठा उपयोग इथे आहे, आणि महिन्यांची वजाबाकी करणाऱ्यांच्या तो लक्षातच येत नाही. ती जोडी गळा राखते. मरण टळो न टळो, ते गळ्यातून यायचं बहुतेकदा थांबतं. माणूस शेवटपर्यंत श्वास घेऊ शकतो, दोन घोट पाणी पिऊ शकतो, ‘दार लावून घे’ एवढं तरी स्वतःच्या आवाजात म्हणू शकतो. चार महिन्यांचे आठ झाले का, हा हिशेब जरूर करा. पण ते चार कसे गेले असते आणि हे आठ कसे गेले, तो रकानाही भरा.

फुप्फुसं भरलेल्या, अंथरुणाला खिळलेल्या पेशंटने ‘नको’ म्हटलं तर ते ‘नको’ शिरोधार्य. त्यालाही सन्मानाने जाण्याचा हक्क आहे. पण त्या सन्मानासाठीही कष्ट पडतात. वांद्र्याचं शांती अवेदना सदन १९८६ पासून हेच काम करतं. तिथे नर्स असतात, डॉक्टर असतात, वेळेवर मॉर्फिन असतं. २०१४ मध्ये अमली पदार्थांच्या कायद्यात दुरुस्ती करून मॉर्फिन मिळणं सोपं केलं गेलं, ते याच कारणासाठी. ‘शांतपणे जाऊ द्या’ म्हणणाऱ्याला एकच विचारा: तुमच्या तालुक्यात मॉर्फिन कुठे मिळतं? रात्री दोनला दम लागला तर फोन कुणाला करायचा? उत्तर देता आलं तर त्याचं म्हणणं ऐकून घ्या. नाही आलं, तर शांतता त्याला स्वतःलाच हवी आहे, पेशंटसाठी नव्हे.

म्हणून माझं म्हणणं पुन्हा, कुठलीही सूट न देता. ‘चांगला कॅन्सर’ आणि ‘काही उपयोग नाही’ ही एकाच आळसाची दोन नावं आहेत. ज्याच्या गळ्यातली गाठ काही आठवड्यांत वाढली, आवाज बदलला, त्याने त्याच आठवड्यात मोठ्या कॅन्सर रुग्णालयाचं दार गाठावं. तिथे सर्जन, रेडिएशन आणि केमो यांचे डॉक्टर एकत्र बसून जे सांगतील ते पेशंटसमोर, त्याच्या भाषेत, आकड्यांसह मांडलं जावं. शक्य असेल त्याला ही जोडी ताबडतोब मिळावी. आणि निर्णय ज्याचा गळा आहे त्याचा असावा.

मावशीला आम्ही चार दिवस काहीच सांगितलं नव्हतं. बैठकीत ‘उपयोग काय’ चाललेलं असताना ती आत पोळ्या लाटत होती. पाचव्या दिवशी काकांनी धीर करून तिला सगळं सांगितलं. ती लाटणं खाली ठेवून घोगऱ्या आवाजात म्हणाली, "किती शेक? दिवाळीपर्यंत संपतील का? आणि मग मला नीट बोलता येईल?" सगळ्या घरात त्या आठवड्यात उपयोगाचा प्रश्न विचारला तो तिने एकटीने. त्यात तारीख होती, मोजमाप होतं, आणि काय मिळवायचं ते तिला ठाऊक होतं.

शेक दिवाळीच्या दोन दिवस आधी संपले. महिनाभर तिने नळीतून पेज घेतली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला ठुशी घातली. ती आता सैल होत होती. आवाज थोडा बसकाच राहिला, पण सोफ्यावरच्या मंडळींना तिळगूळ देताना तिने तो पुरेपूर वापरला. आषाढात ती गेली, फुप्फुसांतल्या गाठींनी, झोपेत. पाणी तिच्याही गळ्याशी आलं होतं. तिने ते तिथेच अडवलं होतं.